काय ठेवायचे, हे कोणी ठरवायचे?

लहान उद्योगातला सर्व्हर बंद पडला, तर पाच मिनिटांत सगळ्या खात्यांना कळते. त्यातला डेटाबेस फुगत चालला आहे, हे मात्र तो काठोकाठ भरेपर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही. कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहतींमध्ये छोट्या-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी करतो. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणजे बहुधा अकाउंट्सच्या खोलीत कोपऱ्यात उभा केलेला एक टॉवर, शेजारी यूपीएस आणि वर धूळ येऊ नये म्हणून घातलेले कापड एवढेच असते. त्याच्यासाठी वेगळा माणूस नेमलेला नसतो. जो माणूस पगारपत्रक करतो किंवा स्टोअर सांभाळतो, त्याच्याकडेच पासवर्ड असतो आणि रोज संध्याकाळी बॅकअपची डिस्क बदलण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते.

ज्या प्रसंगाविषयी लिहितो आहे, तो एका फाउंड्रीतला आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे कास्टिंग तिथे ओतले जाते. कारखाना मध्यम आकाराचा आहे, खासगी मर्यादित कंपनी आहे आणि खरेदी, स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता, डिस्पॅच व हिशेब हे सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालते. एका सकाळी डिस्पॅचच्या टेबलावर नवीन बिल सेव्ह होईना. जुनी बिले उघडत होती, स्टॉक दिसत होता, रिपोर्ट निघत होते. नवीन काही लिहायला गेले की मात्र पडद्यावर ११०५ क्रमांकाची चूक येत होती आणि प्रायमरी फाइलग्रुप, म्हणजे डेटाच्या फाइलींचा मुख्य गट, भरल्यामुळे अमुक टेबलाला जागा देता येत नाही, असा मजकूर उमटत होता. फाटकाजवळ भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. ठरावीक किमतीवरच्या मालाला ई-वे बिलाशिवाय, म्हणजे वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढलेल्या बिलाशिवाय, रस्त्यावर काढता येत नाही, त्यामुळे त्या दिवसापुरती बिले सरकारी पोर्टलवर थेट भरून गाड्या मार्गी लावल्या आणि मग सर्व्हरकडे वळता आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गाडी फाटकात अडली असताना कोणी शांतपणे विचार करू शकत नाही, आणि डेटाबेसवर घाईने केलेला उपाय पुढे अनेक वर्षे नडतो.

त्या सॉफ्टवेअरखाली सगळी माहिती साठवणारा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, होता. ही मोफत आवृत्ती लहान उद्योगांसाठी खरोखर मोठी सोय आहे. मात्र तिला आकाराची मर्यादा आहे. तिच्या आधीच्या एमएसडीई या आवृत्तीत ती २ जीबी होती, २००५ आणि २००८ च्या एक्सप्रेसमध्ये ४ जीबी झाली, २००८ आर-२ पासून १० जीबी झाली आणि २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तेवढीच राहिली. २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबीवर गेली आहे. लहान व्यवसायांच्या सर्व्हरवर अशी भिंत नवीन नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ च्या काळात मेलसाठी एक्सचेंज असे आणि त्याच्या मेलबॉक्स साठ्याला १६ जीबीची हद्द होती. दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ती ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली. ती हद्द गाठली की साठा आपोआप बंद होई आणि ऑफिसचा मेल थांबे. तेव्हाही लोक आधी मर्यादा वाढवून घेत आणि मग कधीतरी मेल तपासत, आणि ते ‘कधीतरी’ बहुतेक ठिकाणी आलेच नाही.

डिस्क उघडून पाहिली तेव्हा सगळ्यांचे लक्ष एका फाइलवर गेले. डेटाची फाइल १० जीबीला टेकली होती, पण तिच्या शेजारची लॉगची फाइल तिच्या कितीतरी पट मोठी होती. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत विभागातून फोनवर सल्ला आला की डेटाबेस अलग करा, लॉगची फाइल पुसा आणि परत जोडा, म्हणजे प्रश्न मिटेल. हा सल्ला इंटरनेटवरही सर्रास सापडतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की एक्सप्रेसची १० जीबीची मर्यादा फक्त डेटाच्या फाइलला लागू होते, लॉगला लागू होत नाही. त्यामुळे लॉग शून्यावर आणला असता तरी बिल सेव्ह झालेच नसते. लॉगमुळे डिस्क भरत होती, हे खरे. पण तो स्वतंत्र आजार होता आणि त्या दिवशी योगायोगाने दोन्ही आजार एकत्र दिसले होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे जुन्या पेढीवरची रोजकीर्द. व्यवहार झाला की तो आधी क्रमाने रोजकिर्दीत पडतो आणि सवडीने खतावणीत त्या-त्या खात्यावर चढवला जातो. एसक्यूएल सर्व्हर नेमके हेच करतो: बदल आधी लॉगमध्ये डिस्कवर पक्का लिहितो आणि डेटाची पाने मागाहून लिहितो. वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करतो किंवा मागे घेतो. डेटाबेस नीट बंद झालेला नसताना ती फाइल पुसली, तर ग्राहकाला ‘झाले’ म्हणून सांगितलेला व्यवहार कायमचा हरवू शकतो आणि डेटाबेस परत जोडलाच जाणार नाही, असेही घडू शकते. लॉगची फाइल कितीही मोठी झाली, तरी हाताने पुसायची नाही, हे मी प्रत्येक कारखान्यात पहिल्याच दिवशी सांगतो.

मग ती इतकी का वाढली? सर्व्हरला विचारले की तो स्वतःच सांगतो. डेटाबेसांच्या यादीत एक रकाना असा असतो की ज्यात लॉगमधली जुनी जागा परत का वापरता येत नाही, याचे कारण लिहिलेले असते, आणि इथे कारण होते, ‘लॉग बॅकअपची वाट पाहतो आहे’. डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरी मॉडेलवर होता. त्या मॉडेलमध्ये लॉगचा वेगळा बॅकअप घेतला जाईपर्यंत त्यातली एकही ओळ टाकाऊ ठरत नाही. तिथे दररोज रात्री संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप इमानेइतबारे घेतला जात होता, आणि संपूर्ण बॅकअप घेतला की लॉग आपोआप रिकामा होतो, अशी सगळ्यांची समजूत होती. तसे होत नाही. संपूर्ण बॅकअपने लॉग मोकळा होत नाही, लॉगच्या बॅकअपनेच होतो. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाने कामे चालवणारा एजंट नसतो, त्यामुळे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एक छोटी आज्ञा चालवावी लागते. रात्रीच्या बॅकअपसाठी कोणीतरी ती पूर्वी लावून दिली होती, पण लॉगसाठी लावली नव्हती.

इथे उपाय दोन असतात आणि त्यांतला कोणता निवडायचा, हे तंत्रज्ञाने परस्पर ठरवू नये असे माझे ठाम मत आहे. ‘सिंपल’ मॉडेल लावले, तर लॉग स्वतःची जागा आपोआप परत वापरतो, डोकेदुखी संपते. पण डिस्क गेली, तर आदल्या रात्रीच्या बॅकअपपर्यंतच मागे जाता येते. ‘फुल’ ठेवून लॉगचा बॅकअप ठरावीक अंतराने घेतला, तर नुकसान तेवढ्या अंतरापुरते राहते. म्हणून मालकांना मी एवढेच विचारले की किती वेळाचे काम पुन्हा लिहून काढायची तयारी आहे. त्यांनी भट्टीच्या शिफ्टकडे बोट दाखवले. रात्रपाळीत प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची, नोंद थेट सॉफ्टवेअरमध्ये होते, कागदावर काही राहत नाही. ओतलेले लोखंड निवून मोल्ड (साचे) फोडले, कास्टिंग फेटलिंगला (घासून साफ करायला) गेले, की कोणत्या लॅडलमधला (ओतण्याच्या भांड्यातला) धातू कोणत्या मोल्डमध्ये पडला, हे पुन्हा सांगता येत नाही. तेव्हा ‘फुल’ मॉडेल ठेवले, दर अर्ध्या तासाला लॉगचा बॅकअप लावला आणि तो दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी व्यवस्था केली. तोवर डेटा, लॉग आणि बॅकअप हे तिघेही एकाच डी ड्राइव्हवर राहत होते.

आता मूळ आजाराकडे, म्हणजे डेटाच्या १० जीबीकडे, येतो.

कशाला हात लावण्याआधी बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून, डेटाबेस सुसंगत आहे की नाही हे तपासणारी आज्ञा तिथे चालवली. बॅकअपची फाइल तयार झाली, एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. ती उघडून त्यातले कालचे चलन डोळ्यांनी दिसले, म्हणजे बॅकअप झाला. त्यानंतर कोणते टेबल किती जागा खाते, याची उतरत्या क्रमाने यादी काढली. एसक्यूएल सर्व्हरच्या व्यवस्थापन साधनात असा तयार अहवाल मिळतो, आणि मला तो डॉक्टरांच्या एक्स-रेपेक्षा बोलका वाटतो, कारण त्या यादीत त्या कारखान्याच्या सवयी दिसतात.

हिशेबाची टेबले, म्हणजे खातेवही, बिले, खरेदी आणि स्टॉकच्या नोंदी, यादीत बरीच खाली होती. इतक्या वर्षांचा सगळा धंदा मिळून एकूण जागेचा लहानसा हिस्सा व्यापत होता. आकडे आणि तारखा फार जागा घेत नाहीत. वर होती ती तीन तऱ्हेची टेबले. पहिली, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना मूळ टेबलाची घेतलेली आणि नंतर तशीच राहिलेली नक्कल. नावापुढे ‘ओल्ड’, ‘बॅकअप’, ‘टेस्ट’ आणि एखाद्या जुन्या वर्षाचा आकडा. दुसरे, जोडपत्रांचे टेबल, ज्यात टेस्ट सर्टिफिकेटे, स्कॅन केलेली चलने आणि कास्टिंगचे फोटो होते. तिसरे, ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले याची नोंद.

नकलांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोणताही प्रोग्रॅम, व्ह्यू किंवा प्रोसीजर त्यांचे नाव घेत नाही, याची खात्री केली, सॉफ्टवेअर कंपनीकडून लेखी होकार घेतला आणि त्या काढून टाकल्या. त्याच दिवशी दुपारी बिले पुन्हा बनू लागली. त्या वेळी मालकांनी विचारले की फाइलचा आकार तर तेवढाच दिसतो, मग फरक काय पडला? प्रश्न रास्त होता. टेबल काढले किंवा ओळी पुसल्या, म्हणजे फाइल लहान होत नाही. तिच्या आतली ८ केबीची पाने मोकळी होतात आणि नव्या नोंदी त्या पानांवर जातात. एक्सप्रेसला फाइल १० जीबीच्या पुढे वाढवता येत नाही, पण आत मोकळी जागा असेपर्यंत लिहायला त्याची हरकत नसते. फाइल बळजबरीने आवळण्याची आज्ञा आहे, परंतु ती शेवटची पाने उचलून पुढच्या रिकाम्या जागी कोंबते, इंडेक्सचा (नोंदी चटकन शोधण्याच्या सूचीचा) क्रम विस्कटतो आणि रिपोर्ट मंदावतात. नंतर इंडेक्स परत बांधायला गेले की फाइल पुन्हा वाढते. म्हणून डेटाची फाइल मी तशीच राहू दिली. फुगलेली लॉगची फाइल मात्र, लॉगचे बॅकअप नियमित सुरू झाल्यावर, एकदाच योग्य आकाराला आणली. फाइल स्वतःहून आक्रसण्याचा पर्याय कायमचा सुरू करून ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहतो आणि पाहिला की बंद करतो.

जोडपत्रांचे टेबल उघडले, तेव्हा मात्र मी बराच वेळ एकाच ओळीकडे पाहत बसलो. ती एका हीटच्या टेस्ट सर्टिफिकेटची ओळ होती. भट्टीतून नमुना काढतात, त्याचे बटण (छोटी चकती) घासून स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवतात, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांची टक्केवारी येते, आणि त्या हीटमधून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो हीट नंबर उमटलेला असतो. त्या पानभर आकड्यांचे सर्टिफिकेट पीडीएफ करून सॉफ्टवेअरमध्ये जोडले जाते. स्कॅनरने रंगीत आणि जाड स्कॅन केलेले असले, की पीडीएफ सहज ३०० केबीची होते.

पण त्या रकान्यात पीडीएफ नव्हती; अक्षरांची एक लांबच लांब माळ होती. प्रोग्रॅमरने फाइल आधी बेस-६४ पद्धतीने मजकुरात बदलली होती. त्या पद्धतीत मूळच्या ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे ३०० केबीच्या पीडीएफची जवळपास चार लाख अक्षरे झाली. आणि तो रकाना एनव्हारचार जातीचा होता. ही जात मराठीसारख्या लिपींसाठी फार उपयोगी आहे, कारण तीत युनिकोड मजकूर बसतो. पण तीत अशा प्रत्येक अक्षराला २ बाइट लागतात, मग ते साधे इंग्रजी अक्षर का असेना. म्हणजे ३०० केबीचे ८०० केबी झाले.

हे एवढ्यावर थांबले असते, तरी चालले असते. ऑडिट ट्रेलचे ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा, या टेबलालाही लावलेले होते, आणि कोणताही बदल झाला की तो ट्रिगर ओळीचे आधीचे संपूर्ण रूप आणि नंतरचे संपूर्ण रूप, दोन्ही जसेच्या तसे नोंदवत होता. क्वालिटी विभागातल्या कोणी सर्टिफिकेटच्या शेऱ्यात एक शब्द दुरुस्त केला, तर ८०० केबीची ती माळ आणखी दोनदा लिहिली जात होती. मूळ एक आणि ट्रेलमधल्या दोन मिळून २,४०० केबी, म्हणजे पीडीएफच्या आठपट. अशी चार-साडेचार हजार सर्टिफिकेटे झाली की १० जीबी संपतात. तीच सर्टिफिकेटे साध्या फोल्डरमध्ये ठेवली, तर सव्वा जीबीत मावतात. कारखान्याने जास्त माल ओतला म्हणून डेटाबेस फुगला नव्हता. फाइल कुठे आणि कशी ठेवायची, हे एका प्रोग्रॅमरने एका दुपारी ठरवून टाकले होते आणि पुढे ते कोणी तपासले नव्हते.

तांत्रिकदृष्ट्या वाट सरळ होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फाइलस्ट्रीम नावाची सोय आहे. तीत फाइल डिस्कवर राहते पण व्यवहार डेटाबेसचाच भाग असतो, आणि एक्सप्रेसमध्ये ती जागा १० जीबीत धरली जात नाही. किंवा वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत साध्या फाइली ठेवून टेबलात फक्त त्यांचा पत्ता आणि एसएचए-२५६ चा ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक आकडा) नोंदवायचा, म्हणजे फाइल बदलली किंवा बिघडली तर लगेच कळते. सॉफ्टवेअर कंपनीने दुसरी वाट पत्करली आणि तसा बदल करून दिला. मग थोड्या-थोड्या ओळी घेऊन प्रत्येक फाइल बाहेर काढायची, ती पुन्हा वाचून ठसा जुळवायचा, जुळला तरच आतली माळ रिकामी करायची, असे काम रात्रींतून चालवले. एका झटक्यात लाखभर ओळींना हात लावला, तर लॉग पुन्हा फुगतो आणि पाच हजारांच्या आसपास कुलपे (बदल चालू असताना ओळींवर लागणारे लॉक) झाली की सर्व्हर सगळे टेबलच अडवून धरण्याचा प्रयत्न करतो. म्हणून तुकडे त्याहून लहान ठेवले. शेवटी इंडेक्सची पुनर्रचना करून मोठ्या मजकुरांची सुटलेली पाने मोकळी करून घेतली.

खरा वेळ गेला तो यापेक्षा वेगळ्या प्रश्नात, आणि हा लेख लिहावासा वाटला तोही त्या प्रश्नामुळे. जागा खाणाऱ्या त्या यादीकडे पाहून मदत विभागाने सुचवले होते की तीन वर्षांपूर्वीचे सगळे काढून टाका. असे सुचवणाऱ्याला सर्व्हर दिसत असतो, कारखाना दिसत नसतो. मी मालकांना, लेखापालांना आणि क्वालिटीच्या प्रमुख मॅडमना एका टेबलाभोवती बसायला सांगितले आणि प्रत्येक मोठ्या टेबलाविषयी एकच गोष्ट विचारली: हे किती काळ लागते आणि कोणाला लागते?

लेखापालांना तिथे सगळे काका म्हणतात. ऑडिट ट्रेलचे नाव निघताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “असं कसं टाकायचं ओ? उद्या ऑडिटरनं विचारलं, ही नोंद मार्चमध्ये का बदलली, तर त्याच्यापुढं काय ठेवायचं?” काकांचे बरोबर होते, आणि त्याला कायद्याचा आधारही होता. कंपन्यांच्या लेखाविषयक नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल असावाच लागतो, आणि तो जपून ठेवला आहे की नाही, यावर ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवायची असतात. जीएसटीचा कालावधी वेगळा आहे: त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ असल्यामुळे त्या वर्षाची कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. आणि एखाद्या प्रकरणाची सुनावणी किंवा अपील चालू असेल, तर त्याहून अधिक काळ.

मॅडमनी पुढे सांगितले ते मला पूर्वी इतक्या स्पष्टपणे कळलेले नव्हते. “सर, बिल आठ वर्षांनी टाकाल, पण आमचं सर्टिफिकेट नाही टाकता येणार. तो पार्ट चालू आहे तोवर लागतं.” वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात हे लिहिलेलेच आहे. एखादा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेतानाची कागदपत्रे, टूलिंगच्या नोंदी, डिझाइनच्या नोंदी अशा गोष्टी, तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष ठेवायच्या असतात. ग्राहकाने वेगळे सांगितले असेल, तर त्याप्रमाणे. प्रत्येक हीटच्या सर्टिफिकेटविषयी या फाउंड्रीच्या ग्राहकांनी आपापल्या करारांत वेगवेगळे कालावधी घातलेले होते. ते करार मॅडमच्या कपाटात होते. सर्व्हरवर त्यांचा मागमूसही नव्हता.

त्या टेबलावर मला जे जाणवले, ते आजही तितकेच खरे वाटते. माहिती किती काळ ठेवायची, याचे उत्तर त्या कारखान्यात होते. ते काकांच्या डोक्यात, मॅडमच्या कपाटात आणि सीएच्या ऑफिसात विखुरलेले होते. सर्व्हरपर्यंत ते कोणी आणले नव्हते, कारण सर्व्हरपाशी जाणाऱ्या माणसाने ते विचारलेच नव्हते. आम्ही तंत्रज्ञ मंडळी जागेचे प्रश्न जागेपुरते सोडवतो: डिस्क वाढवतो, जुने पुसतो किंवा पुढची आवृत्ती बसवतो. डिस्क स्वस्त झाली असल्यामुळे हे चालूनही जाते. पण ज्या दिवशी एखादे कास्टिंग तडकते आणि ग्राहक हीट नंबर कळवून त्याचे सर्टिफिकेट मागतो, त्या दिवशी ते सापडले नाही, तर त्या फाउंड्रीची पत जाते. तिथे काम करणाऱ्या माणसांनी भट्टीपुढे उभे राहून मिळवलेली ती पत असते, आणि ती एका पुसून टाकण्याच्या आज्ञेवर अवलंबून ठेवणे मला मान्य नाही.

ऑडिट ट्रेलच्या बाबतीत म्हणूनच एकही ओळ गाळली नाही. जोडपत्रांच्या ओळींची भारंभार पुनरावृत्ती हिशेबाच्या पुस्तकांचा भाग नाही, हे उघड असले तरी नोंदीत फेरफार केल्याचा संशयही येता कामा नये, असे सीएंचे म्हणणे पडले आणि ते मला पटले. ट्रिगर बदलून घेतला. यापुढे जोडपत्राच्या जागी फक्त ठसा नोंदवला जातो. आधीचा ट्रेल मात्र, सरलेल्या आर्थिक वर्षांपुरता, जसाच्या तसा वेगळ्या डेटाबेसात हलवला, कारण एक्सप्रेसची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला स्वतंत्र असते. हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर ओळींची मोजदाद आणि रकमांच्या बेरजा काकांनी स्वतः जुळवल्या, त्या कागदावर सही केली, आणि तो डेटाबेस फक्त वाचण्यापुरता करून ठेवला. सॉफ्टवेअरमधला ट्रेलचा रिपोर्ट आता दोन्हीकडून ओळी आणतो.

५० जीबीच्या नव्या आवृत्तीवर जायचे का, हा प्रश्न अर्थातच निघाला. जायला हरकत नाही, आणि जुन्या आवृत्तीचा आधार संपेल तेव्हा जावेच लागेल. पण ही सगळी आवराआवर होण्याआधी गेलो असतो, तर आठपट फुगलेली सर्टिफिकेटे नव्या जागेत आरामात पसरली असती आणि ट्रिगरकडे कोणी पाहिले नसते. म्हणून तो बदल मुद्दाम मागे ठेवला.

आता मालकांच्या दर महिन्याच्या बैठकीत एक पान असते. त्यावर प्रत्येक मोठ्या टेबलाचा आकार, मागच्या महिन्यापेक्षा झालेली वाढ, ती माहिती कोणाच्या अखत्यारीत आहे आणि ती कधीपर्यंत ठेवायची, एवढेच असते. शेवटच्या दोन रकान्यांत माझे नाव कुठेही नाही. तिथे काकांचे आणि मॅडमचे आहे. नवा ग्राहक जोडला गेला, की त्याच्या करारातला कालावधी मॅडम त्या पानावर चढवतात. बॅकअप रोज दुसऱ्या ठिकाणी जातो, कारण कंपन्यांच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर दररोज ठेवण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. २०२३-२४ चा ट्रेल किमान मार्च २०३२ पर्यंत वाचता आला पाहिजे, आणि तोवर हे सॉफ्टवेअर किंवा हा सर्व्हर असेलच असे नाही. म्हणून दर एप्रिलमध्ये वेगळ्या संगणकावर तो डेटाबेस रिस्टोअर करायचा आणि काका सांगतील त्या जुन्या चलनाचा संपूर्ण माग त्यातून काढून दाखवायचा, असे ठरले आहे. कोणते चलन काढायचे, हे ते मला आधी सांगत नाहीत.